नाही म्हणायचा नाद

कुणाला पत्त्यांचा नाद असतो, कुणाला कबुतरांचा. जिंतुरातल्या माझ्या घरमालकांना नाही म्हणायचा नाद होता. आता नाही म्हणायचं तर समोर काहीतरी लागतं, रिकाम्या हवेला कोण नाही म्हणणार? म्हणून हे गृहस्थ रोज संध्याकाळी बाजारात जायचे, दुकानं हिंडून, वास घेऊन, ताजं बघून गोड आणायचे आणि घरी येऊन ते खायचे नाहीत. एवढा खटाटोप करून शेवटी न खाण्याची चिकाटी मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. दिसूही नये.

मी तेव्हा तिथल्या ज्युनिअर कॉलेजात मानसशास्त्र शिकवायला नवीनच लागले होते. वालूरहून रोज एस.टी.नं येणं-जाणं करून कंबर बोलायला लागली, म्हणून खोली शोधायला निघाले. खोली शोधताना लोक आधी आडनाव विचारतात, मग गाव विचारतात आणि मग पुन्हा आडनाव, जणू पहिल्यांदा नीट ऐकूच आलं नव्हतं. या घरात दार उघडणाऱ्या काकांनी तसलं काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, “गोड खाता का?”

“खाते की.”

“मग या आत.”

बैठकीच्या खोलीत भिंतीवर डोळे मिटलेला बुद्ध होता. खाली एक लाकडी स्टूल, स्टुलावर पेढ्यांची बशी आणि बशीसमोर खुर्ची. मला वाटलं, भाडेकरूचं असं स्वागत करणारी माणसं अजून शिल्लक आहेत म्हणायची. काका खुर्चीत बसले, हाताची घडी घातली आणि म्हणाले, “तुमी खावा. मी बघतो.”

समोरचा माणूस टक लावून बघत असताना पेढा गिळणं किती अवघड असतं ते मला त्या दिवशी कळलं.

“चांगलाय?”

“चांगलाय.”

“विलायची हाय ना?”

“आहे.”

“वास आलता मला,” काका समाधानानं म्हणाले. “लय ओढायलाय आणल्यापासनं. पण मी न्हाई म्हणलं त्याला.”

आतून बाईमाणसाचा आवाज आला, “आवो, त्यांला खोली तर दाखवा आधी.”

त्या काकू. त्या घरातलं शहाणपणाचं पहिलं वाक्य त्यांचं होतं, आणि पुढंही बहुतेक वाक्यं त्यांचीच निघाली.

काका एस.टी.तून निवृत्त झाले होते. स्टँडवरच्या काचेच्या खोलीत बसून गाड्या लावायच्या, सोडायच्या, माईकवरून पुकारायच्या, हे त्यांचं काम. गाव अजूनही त्यांना कंट्रोलर साहेब म्हणायचं. त्यांच्या त्या खोलीच्या खिडकीसमोर बरोबर, सगळं गाव ज्यांना चाचा म्हणायचं त्यांचं हॉटेल. सकाळी भज्यांचा घाणा आणि दुपारनंतर जिलेबीचा. पाकाचा वास सरळ खिडकीतून आत. दुसऱ्या कुणी खिडकी लावून घेतली असती. काकांनी ती नोकरीभर उघडी ठेवली. पावसाच्या झडीत कागद भिजले तरी उघडी.

“खिडकी लावून घेणारा माणूस संयमी न्हाई, मॅडम,” ते मला सांगायचे. “भित्रा हाय तो.”

तंबाखूही त्यांनी अशीच सोडली होती. म्हणजे खायची सोडली, पण पुडी शर्टाच्या खिशात कायम असायची. बाजूला चुन्याची डबी. पुडी वाळली की नवी आणायचे. मी एकदा म्हणलं, काका, सोडलीय तर टाकून द्या की. तर त्यांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. “वाळक्या तंबाखूला कुणीबी न्हाई म्हणतंय. ताजी पायजे.” दारूचा विषय काढला तर म्हणायचे, ती मोजायची नाही. त्यांच्या वडलांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घरात पंचशील, काकांनी दारू कधी चाखलीच नव्हती. जे चाखलं नाही ते सोडलं म्हणणं म्हणजे लबाडी, असं त्यांचं मत. हिशोबाला माणूस पक्का होता, एवढं मान्य करावं लागेल.

आमच्या पुस्तकात आत्मसंयमावर एक पाठ होता. बाकी जडजड शब्द काढले तर त्यात सांगितलेली गोष्ट साधी होती. ज्याचा मोह होतो ते डोळ्यांपुढं ठेवू नये. मन दिवसभर ताणून धरलं की संध्याकाळी सैल पडतं, म्हणून ज्यांना आपण संयमी समजतो ती माणसं खरं तर मोहाच्या वाटेलाच जात नाहीत. मी हे काकांना हौसेनं समजावून सांगितलं. शिकवायला नवीन लागलेल्या माणसाला दिसेल त्याला शिकवायची हौस असते. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “हे पुस्तक पोरायला लावलंय?”

“हो.”

“म्हणूनच पोरं अशी निघायलीत.”

एकदा क्रिकेटची मॅच चालू होती. वर माझ्याकडं टीव्ही नव्हता म्हणून मी खाली जाऊन बसले होते. शेजारचे दोघेतिघे आलेले. सामना शेवटच्या षटकापर्यंत आला. सगळे पुढं सरकून बसले, एकानं तर तोंडातला घास चावायचा थांबवला. आणि काकांनी रिमोट उचलून टीव्ही बंद केला. कुणाला कळेचना काय झालं ते. लाइट गेली असं वाटून एकानं पंख्याकडं बघितलं, तर पंखा फिरत होता.

“साहेब, चालू करा की.”

“उत्सुकता बी मोहच हाय,” काका म्हणाले. “जरा दम धरून बघा. लय भारी वाटतंय.”

ते तिघे दम धरायला थांबले नाहीत. चपला घालता घालता जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. मीही जिन्यावरून वर जाताना थोडंफार बोलले.

पुण्याला असलेल्या मुलाचा फोन आला की काका फोन हातात धरून बसायचे. वाजू द्यायचे. पडद्यावर मुलाचं नाव दिसायचं, काकांचा चेहरा फुलायचा, अंगठा नुसता वळवळायचा. फोन वाजून वाजून बंद पडला की ते सुस्कारा सोडायचे. काकू मग आपल्या फोनवरून मुलाला लावायच्या आणि सांगायच्या, “हां, घरीच हायेत. तुझ्यावर संयम करायलेत.”

पण या सगळ्या बारीकसारीक गोष्टी. खरा कार्यक्रम पाचचा. पाच वाजता काका बाजारातून यायचे, पिशवीतला पुडा सोडून बशीत मांडायचे, बशी स्टुलावर ठेवायचे आणि समोर हाताची घडी घालून बसायचे. कधी चाचाची जिलेबी, कधी बालूशाही, कधी खव्याचा गुलाबजाम. डोळे मिटायचे नाहीत, तोंड फिरवायचं नाही, असा नियम. तोंडाला सुटलेलं पाणी गिळताना गळ्याची गाठ वरखाली व्हायची ती मी जिन्यातून पाहिलीय. मनासारखं झालं की ते स्टँडवरच्या आवाजात पुकारायचे, “उचला. सुटली गाडी.” मग काकू यायच्या, बशी उचलायच्या आणि आत जायच्या. बशी आत गेली की काकांपुरता विषय संपला.

बशीचा विषय मात्र तिथं संपत नव्हता. पहिले काही महिने त्यातला वाटा मला वर यायचा. फुकटचं आहे म्हणून मी खाल्लं. मग ड्रेसची शिलाई दोन्ही बाजूंनी उसवून घ्यावी लागली, तेव्हा काकूंना हात जोडून सांगितलं की काकांचा संयम मला पेलत नाही. त्या हसल्या. त्यानंतर बशी फक्त त्यांच्याकडं राहिली.

काकूंचं लहानपण उसाच्या फडात गेलेलं. आईबाप दरसाल कोयता घेऊन कारखान्याकडं निघायचे आणि ही पोर मागं मागं मोळ्या बांधत हिंडायची. “जल्मभर ऊस तोडला बघा माझ्या बापानं,” त्या सांगायच्या, “पर साखरेचा चहा आमच्याकडं पाव्हणा आला तरच.” अशा बाईच्या हातून खव्याचा गुलाबजाम उकिरड्यावर पडेल का? त्यांच्या हाताला अन्न टाकणं येतच नव्हतं. आणि उगीच खोटं कशाला बोला, त्यांना गोड आवडायचंही. चुलीपुढच्या पाटावर बसून, पदरानं बोटं पुसत त्या निवांत खायच्या. मी कधी आत डोकावले तर म्हणायच्या, “ह्यांची तपश्चर्या झाली, आता माझा नाष्टा.”

गावानंही काकांना चढवून ठेवलं होतं. जिंतुरात बघण्यासारखं फार काही नाही. जुनी देवळं बघायची तर लोक चारठाण्याला जातात. त्यामुळं आहे त्या कंट्रोलर साहेबांवर गाव खूष होतं. लग्नसराईत त्यांच्या घरी मिठाईचे पुडे यायचे ते खाण्यासाठी नाही, बघण्यासाठी. “साहेब, आमच्या बुंदीला न्हाई म्हणून दाखवा,” असं लोक बोलून ठेवून जायचे. ईदला चाचांकडून शीरखुर्म्याचा डबा. शाळेत व्यसनमुक्तीचं भाषण असलं की काका ठरलेले. खिशातली पुडी काढून पोरांना दाखवायचे आणि पोरं टाळ्या वाजवायची.

आणि सव्वीस जानेवारी तर त्यांचाच सण. झेंडावंदन झालं की जिलेबी घ्यायला सगळं गाव स्टँडवर उलथतं. चाचांच्या कढईतली पहिली जिलेबी बशीत घालून साहेबांसमोर धरली जायची. चाचा आपल्या दखनीत विचारायचे, “लेते क्या साहब?” साहेब छातीवर हात ठेवून त्यांच्याच बोलीत म्हणायचे, “नक्को.” लोक टाळ्या पिटायचे आणि मगच चाचांची बोहनी. साहेबांनी नाही म्हणल्याशिवाय गावाला जिलेबी मिळायची नाही. एका माणसाच्या नकारावर एवढा गोडवा विकला गेल्याचं मी तरी दुसरीकडं ऐकलं नाही.

पुढं काकूंच्या पायाच्या करंगळीला नव्या चपलेनं फोड आला. साधा फोड. हळद लावली, तेल लावलं, पण तो भरेचना. त्या रात्रंदिवस पाणी प्यायला लागल्या, बसल्या जागी पेंगायला लागल्या. काका म्हणाले, उन्हामुळं. दिवस दिवाळीनंतरचे होते. शेवटी करंगळी काळपट दिसायला लागली तेव्हा मीच रिक्षा बोलावली. दवाखान्यात तिघं गेलो.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी रक्त तपासलं, जखम पाहिली आणि विचारलं, “मावशी, गोड किती खाता?”

“मी कुठं खाते? ह्यांचं उरलेलं तेवढं.”

“यांचं काय उरतं?”

“ह्यांचं समदंच उरतं,” काकू म्हणाल्या.

डॉक्टरांनी काकांकडं बघितलं. “तुम्हीच ना ते शाळेत भाषण देणारे?”

“हाव,” काका ताठ बसले. “मी गोडाला शिवत न्हाई.”

“मग घरात येतं कुणासाठी?”

काकांनी खिशातली पुडी चाचपली. जिंतुरातल्या उभ्या मुक्कामात त्यांना उत्तर सुचलं नाही असं मी पहिल्यांदा पाहत होते, आणि खरं सांगते, मला आतून बरं वाटलं. पण ते बरं वाटणं फार टिकलं नाही, कारण डॉक्टर पुढं म्हणाले की साखर हाताबाहेर गेलीय, घरात गोडाचा कण नको, आणि जखम अशीच राहिली तर करंगळी काढावी लागेल. एकदा काढायला लागलं की करंगळीवरच थांबेल असंही सांगता येत नाही. काकूंनी पाय हळूच साडीखाली ओढून घेतला.

दुसऱ्या दिवसापासून काकांनी बाजार बंद केला. पाच वाजता ते रिकाम्या स्टुलासमोर हाताची घडी घालून बसायचे आणि थोड्या वेळानं कंटाळून उठायचे. इथपर्यंत ठीक होतं. पण गावाला कोण आवरणार? लग्नसराई सुरू झालेली, पुडे यायला लागले. काकांनी एकदोघांना सांगितलं, आता आणत जाऊ नका. तर गावात बोभाटा झाला की साहेबाचं काहीतरी डळमळायलंय. झालं. ज्यांनी कधी आणलं नव्हतं तेही घेऊन आले. एकानं तर परातभर बालूशाही आणून ठेवली आणि काकांच्या तोंडाकडं बघत उभा राहिला.

“परत करा ना,” मी म्हणलं.

“परत केलं तर लोक काय म्हणतील? साहेबाला आता घरात ठेवायला बी भ्या वाटायलंय म्हणतील.”

“म्हणू द्या.”

“तुमाला न्हाई कळायचं ते, मॅडम.”

कळत होतं मला. पगार त्याचाच घेत होते मी. काकांनी सगळे पुडे लोखंडी कपाटात भरले, कुलूप लावलं आणि चावी वर माझ्याकडं आणून दिली. संयमाची अशी तिजोरी करून ते भाषणाला निघून गेले. विषय होता, मनावर ताबा.

एका दुपारी मी कॉलेजातून लवकर आले. वरच्या पायरीवर, माझ्या दाराला टेकून काकू बसल्या होत्या. ज्या पायावर जोर देऊ नका म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं तो पाय घेऊन त्या अख्खा जिना चढून आल्या होत्या. पट्टीला लाल डाग पडला होता.

“काकू, काय झालं?”

त्या माझ्याकडं बघेनात. “चावी द्या, मॅडम. एकच घेते. एक बालूशाही.”

मी त्यांच्याजवळ खाली बसले. पुस्तकात या जागी काय करायचं ते दिलेलं नव्हतं.

“घरात न्हाई म्हणलं की माझं काही न्हाई,” त्या बोलायला लागल्या. “महिनाभर नसलं तरी मला आठवण येत न्हाई. पर कपाटात हाय हे म्हाईत असलं की मन तिथंच जाऊन बसतंय. भाकरी थापताना तिथंच, झोपताना तिथंच. मला कळतंय पाय जाईल. तरी चढून आले. मला न्हाई जमत ह्यांच्यासारखं, मी साधी बाई हाय. मी काय करू, सांगा.” आणि त्या पदर तोंडात धरून रडायला लागल्या.

खाली जिन्याच्या तोंडाशी काका उभे होते. भाषणाचा हार अजून हातात होता. ते कधी आले मला माहीत नाही, पण त्यांनी सगळं ऐकलं होतं हे तोंडावरून दिसत होतं.

माझं डोकं फिरलं. वयाचा मान वगैरे त्या वेळी आठवला नाही. मी वरूनच म्हणलं, “काका, तुमचा गोडाचा मोह कधीच सुटला असंल. तुम्हाला मोह आहे तो चारचौघांत नाही म्हणायचा. त्याला एकदा नाही म्हणून दाखवा, मग मी तुम्हाला मानते.”

काकांनी हार कठड्याला अडकवला, वर आले, काकूंच्या काखेत हात घातला आणि एकेक पायरी थांबत त्यांना खाली घेऊन गेले. मग परत येऊन चावी मागितली. त्या संध्याकाळी कपाट रिकामं झालं, पुडे विहाराजवळच्या वस्तीत वाटले गेले. पण दोन दिवसांत नवे पुडे दारात हजर. गावाचा उत्साह दांडगा होता.

मग सव्वीस जानेवारी आली. कॉलेजचं झेंडावंदन आटपून मी स्टँडवर गेले तेव्हा गर्दी जमली होती. देशभक्तीची गाणी चालू होती, चाचांची कढई तापलेली. काका इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत नेहमीच्या जागी. चाचांनी पहिली जिलेबी बशीत घातली, समोर धरली आणि हसून विचारलं, “लेते क्या साहब?”

टाळ्या वाजवायला हात वर झालेले होते.

“लाओ,” काका म्हणाले.

चाचांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “क्या साहब?”

“लाओ म्हणलं. खातो.”

त्यांनी बशी हातात घेतली आणि जिलेबी खाल्ली. घाई न करता, तुकडे मोडून, शेवटचा कडक शेंडाही सोडला नाही. गाणं तेवढं चालू होतं. टाळ्यांसाठी वर झालेले हात खाली आले होते. पाठीमागून कुणीतरी म्हणालं, “साहेब, ध्यान कुठंय?” काकांनी बोटं रुमालाला पुसली आणि गाड्या पुकारायच्या त्या आवाजात सांगितलं, “हारलो मी. मला आता दम निघत न्हाई. आजपासून माझ्या घरी कुणी काही आणू नका. आणलं तर मी खाणार. भाषणाला बी बोलवू नका.”

कुणीतरी फस्सकन हसलं. मग बरेच हसले. चाचांचा झारा कढईवर तसाच राहिला, त्यांची बोहनी कशी धरायची हाच प्रश्न होता. एक जण मोबाइल काढून म्हणाला, साहेब, एकदा पुन्हा खा ना, व्हिडिओ घ्यायचा राहिला. काकांनी खिशातली तंबाखूची पुडी काढली, चुन्याच्या डबीसकट तिथल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि घराकडं चालायला लागले. गर्दीतून जाताना त्यांची मान खाली होती. नाही म्हणताना ती कायम वर असायची.

गावानं त्यांना माफ केलं नाही. एवढ्या वर्षांची करमणूक एका जिलेबीत बुडवली म्हणून लोक खरोखर चिडले. साहेब आधीपासूनच चोरून खात असणार, असं छातीठोक सांगणारे निघाले. शाळेनं भाषणाला दुसरा माणूस शोधला. मॅचवाल्या तिघांनी तर वर्षाचा सूड उगवून घेतला. काका स्टँडवरून जायला लागले की पोरं ओरडायची, “लेते क्या साहब?” ते न थांबता पुढं जायचे. घरी पुडे यायचे मात्र साफ थांबले. हरलेल्या माणसाची परीक्षा घ्यायला कोण स्वतःची बालूशाही खर्च करतंय? त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी काकूंची जखम भरली. करंगळीचं नख गेलं, करंगळी राहिली. मी कॉलेजात संयमाचा पाठ अजूनही शिकवते, पण काकांचं उदाहरण देत नाही. पोरांना ते हरलेले वाटतील आणि मला वर्गात भांडण नको असतं.

मला आठवते ती त्या सव्वीस जानेवारीची दुपार. मी काकांच्या मागोमागच घरी पोचले. बातमी आमच्या आधी पोचली होती. काकू खुर्चीत बसल्या होत्या, काकांच्याच, आणि पट्टी बांधलेला पाय समोरच्या स्टुलावर ठेवला होता. ज्यावर इतकी वर्षं बशी मांडली जायची तेच ते स्टूल.

“खाल्ली म्हणं?”

“हाव.”

“समद्यांपुढं?”

“समद्यांपुढं.”

काकूंनी पायाकडं बघितलं. डोळे भरले होते, पण त्यांनी पुसले नाहीत. मग विचारलं, “कशी होती?”

काकांनी खरंच आठवून बघितलं. “तेल जुनं होतं,” ते म्हणाले. “पाक बी पातळ.”

“रोजच आसतंय,” काकू म्हणाल्या. “मला एकदा इचारलं आसतं तर मीच सांगितलं आसतं.”

काका स्टुलाजवळ जमिनीवर बसले. पट्टीचं टोक शोधून ती हळूहळू सोडवायला लागले आणि मान वर न करता त्यांनी विचारलं, “दुखायलंय का?”